एका दगडाचा साधा फोटो

"मी जाते ना!" एवढंच मी बोलले, आणि तेवढंही बोलायला नको होतं. पण शेजारी काही अडलंय आणि मी गप्प बसलेय, असं कळव्याच्या आमच्या बिल्डिंगने एकवीस वर्षांत पाहिलेलं नाही. (आमचे हे म्हणतात, आपल्या घराला दार बसवलंय ते फक्त तुला शेजारी जाता यावं म्हणून.)

झालं असं, की शेजारची निशिगंधा जिन्यावरून पडली. मी काही कान लावून बसले नव्हते, पण आवाज आला आणि सगळ्यांत आधी मी पोचले. पाय मोडला. गुडघ्यापर्यंत प्लास्टर. पोरगी आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला. पाय मोडला म्हणून रडली नाही, "काकू, माझा फोटो राहिला!" म्हणून रडली. मला वाटलं, मुलाकडच्यांना पाठवायचा फोटो. (मी तिथल्या तिथे दोन स्थळंही सुचवली.)

तर तसं नव्हतं. वर्षभर ती गावोगाव जुन्या वास्तूंचे फोटो काढत फिरत होती. खडवलीच्या पुढे एका वाडीत तिला जुनं तळं सापडलेलं. दगडी पायऱ्या, पडक्या देवळाचं जोतं, आणि जोत्यासमोर उघड्यावर एक वीरगळ. म्हणजे लढाईत मेलेल्या वीराच्या आठवणीला कोरलेला दगड. आजवर त्याची कुठेच नोंद नव्हती. पहिली नोंद निशिगंधाची होणार होती. मोजमापं झाली, चित्रं झाली, वीरगळाचे फोटो तेवढे राहिले.

"सर म्हणाले, फोटो नाहीत तर प्रबंध नाही. पंधरा दिवस उरलेत. वर्ष जाईल माझं, काकू."

"मी जाते ना!"

तिने माझ्याकडे बघितलं. मग छताकडे बघितलं. मग कागदावर सूचना लिहून दिल्या. सकाळी नऊच्या आत पोचा, ऊन बाजूने पडलं तरच कोरीवकाम उठून दिसतं. फोटोत माणूस नको. दगडाला हात लावायचा नाही. आणि शेवटची, खाली दोन रेघा मारून: कोणाशीही बोलायचं नाही.

बाकीच्या सूचना मी नीट पाळल्या.

कल्याणला गाडी बदलून खडवलीला उतरले, पुढे रिक्षा. साडेआठला दगडासमोर हजर! कमरेएवढा दगड, जरा कललेला, आणि त्याला म्हैस बांधलेली. जवळ जाऊन बघितलं. खाली लढाई, मध्ये वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यांत वर तोच वीर पिंडीसमोर हात जोडून बसलेला. नाक झिजलं होतं, पण मिशी शाबूत होती. मेलेल्या माणसाची मिशी कोणीतरी इतक्या मायेने कोरली, म्हणून मला भरूनच आलं. भरून आलं की मला बोलायला माणूस लागतं.

माणूस आलंच. बादली घेऊन म्हशीची मालकीण, गंगुबाई.

"ताई, ह्या धोंड्याचा फोटू कशाला वं?"

"धोंडा? अहो, नऊशे वर्षांचा वीर आहे हा! तुमच्या गावासाठी लढून मेलाय, आणि तुम्ही त्याला म्हैस बांधता?"

गंगुबाईचा चेहरा पांढरा पडला. "आगं माझे आई! तरीच मेली दोन महिनं दूध देत न्हाय!"

"आणि सांभाळा हो. असले दगड चोरीला जातात. परदेशात नेतात."

(हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ओघात आलं.)

तिने म्हैस सोडली, दगडाला हात जोडले, मला चहा दिला. मी चाळीस फोटो काढले आणि विजयी मुद्रेने घरी आले.

निशिगंधाने पहिला फोटो बघितला. दहावा बघितला. चाळीसावा बघितला.

"काकू, ऊन बाजूने म्हटलं होतं ना?"

"फोटो काढणाऱ्याने ऊन पाठीवर घ्यायचं असतं. आमच्या लग्नातला फोटोग्राफर सांगत होता."

चाळीसच्या चाळीस फोटोंत वीरावर माझी काळीकुट्ट सावली पडलेली. अंबाडा मात्र फार सुबक आलेला.

पुढच्या रविवारी ओळखीच्या माणसाची गाडी केली. मागच्या सीटवर निशिगंधाचा पाय आडवा, पुढे मी. वाडी जवळ आली तशी घंटा ऐकू आली. मग भगवा झेंडा दिसला. मग चप्पल काढायची जागा.

मला उतरावंसं वाटेना.

आठ दिवसांत जोत्याचे दगड उचलून चौथरा झाला होता. चौथऱ्याला बाथरूमच्या निळ्या फरशा, वर पत्रा. आणि मध्ये आमचा वीर! नखशिखांत शेंदरी ऑइलपेंट, तोही दोन हात. लढाई बुजली, अप्सरा बुजल्या, मिशी बुजली. वरून चांदीचे दोन डोळे चिकटवलेले. ते नेमके माझ्याकडेच बघत होते.

गंगुबाई धावत आली. "ताई, तुम्ही आमचे डोले उघडले! म्हैस दूध द्याया लागली!"

निशिगंधा कुबड्यांवर तशीच उभी. फार हळू आवाजात म्हणाली, "काकू, तुम्ही काय बोललात ह्यांना?"

"मी? काही नाही गं. नुसती माहिती दिली."

तिथले पुढारी नाथा पाटील नवीन टोपी घालून पुढे आले. मी हात जोडून म्हटलं, "दादा, जरासा रंग काढता येईल का? निदान मिशीपुरता?"

"देवाचा रंग काढायचा?" सगळी वाडी एकदम वळली.

"बरं, मग आहे तसा एक फोटो तरी?"

"फोटो बंद. तुम्हीच सांगून गेल्या ना, चोरी होते म्हणून? ठरावच केलाय आम्ही. प्रसाद घ्या."

प्रसादाचा शिरा उत्तम होता. निशिगंधाने हातात घेतला आणि त्यावर तिच्या डोळ्यांतलं पाणी टपकलं. मी शेजारी उभी होते, आणि एकवीस वर्षांत पहिल्यांदा मला बोलायला काही सुचलं नाही.

प्रबंध तिने दिला. मोजमापं होती, चित्रं होती, आणि रात्री जागून लिहिलेलं एक नवीन प्रकरण होतं. पोरगी काठावर पास झाली. सर म्हणाले, धड फोटो असते तर पहिली आली असती. तिने मला एका शब्दाने बोल लावला नाही. उलट प्रबंधाची जाडजूड प्रत स्वतः आणून दिली, "काकू, यात तुमचं नाव आहे."

इंग्रजी आपल्याला झेपत नाही (दहावीलाच त्याने मला अडवलं), पण स्वतःचं नाव कळतं. पान एकशे बारा, विनिता घरत, कळवा. छापलेलं! आयुष्यात पहिल्यांदा, लग्नपत्रिका सोडली तर! मी पानात मोरपीस घातलं, अर्धा किलो पेढे आणले आणि घरोघर निघाले. सगळ्यांनी पान वाचलं, हसून अभिनंदन केलं, हातात हात घेतला. तेराव्या घरी बँकेतले अनिमेष भेटले. त्यांना म्हटलं, जरा मोठ्याने वाचा, मराठीत सांगा.

"प्रकरण सहा," त्यांनी चष्मा लावला. "वास्तूचा नाश होण्याची कारणं. एक, पाऊस. दोन, झाडांची मुळं. तीन..."

त्यांनी चष्मा काढला आणि आणखी एक पेढा उचलला.

आधीच्या बारा घरांनीही दोन-दोन पेढे का घेतले होते, ते मला तेव्हा कळलं.