लालिमाचं सरळ बी

"किल्लीवरून किल्ली निघते, तसा टोमॅटोवरून टोमॅटो निघतो. पाकीट बंद झालं तर झालं. बी तर फळातच असतं ना?"

किल्लीवाल्यानं हे इतक्या ठामपणे सांगितलं की सासूबाईंनी हातातला चमचा खाली ठेवला. तीस वर्षं तो कोपऱ्यावरच्या टपरीत किल्ल्या करून देत होता. मूळ किल्ली एका बाजूला, कोरी दुसऱ्या बाजूला, मशीन सुरू, आणि दीड मिनिटात तंतोतंत जोडी. जगातली प्रत्येक गोष्ट अशीच होते अशी त्याची समजूत होती, आणि तिला आजवर कोणी धक्का लावला नव्हता.

प्रकरण होतं 'लालिमा' नावाच्या टोमॅटोचं. सासूबाई बावीस वर्षं गच्चीवर तोच लावत आल्या होत्या. दरवर्षी नवं पाकीट, सहा कुंड्या, आणि रोज सकाळी मीठ लावून एक फळ. "हे गेल्यापासून माझं ऐकणारं घरात एवढंच उरलंय," असं त्या झाडांबद्दल म्हणायच्या, तेही लेक आणि जावई समोर बसलेले असताना. यंदा बियाणेवाल्यानं हात वर केले. कंपनीनं लालिमाचं बी काढणंच बंद केलं होतं. सासूबाईंनी दोन दिवस रेडिओ लावला नाही, त्यावरून घरात सगळ्यांना कळायचं ते कळलं.

गच्चीवर जुन्या झाडाला शेवटचं एक फळ लटकत होतं. किल्लीवाल्यानं ते पिळलं, बिया कागदावर वाळवल्या आणि पुढे चाळीस रोपं तयार केली. सासूबाईंना गुडघ्यांमुळे जिना चढवत नसे, म्हणून रोज जेवताना तो त्यांना बातम्या द्यायचा. आज चार पानं आली. आज कळ्या दिसल्या. सासूबाई खूश होत्या आणि किल्लीवाला तर हवेतच होता.

मग फळं धरली.

पहिल्या झाडाला आली ती गोट्यांएवढी. दुसऱ्याला मिरचीसारखं लांबट काहीतरी. तिसऱ्याची पिकूनही पिवळीच राहिली. चौथं झाड शेजाऱ्याच्या अँटेनावर चढलं आणि शेजाऱ्याचा टीव्ही बंद पडला. चाळीस झाडांत एकसारखी दोन सापडेनात. एका किल्लीवरून चाळीस काढाव्यात आणि त्यातली एक दाराला, एक कपाटाला आणि एक सायकलला लागावी, तसला प्रकार.

"किती आलेत?" सासूबाईंनी विचारलं.

"भरपूर." हे खोटं नव्हतं.

"लाल आहेत ना?"

"आहेत की." हेही काही अंशी खरं होतं.

"मग रविवारी मला वर घेऊन चला."

रविवारी सकाळी किल्लीवाला बाजारातून गोल, लाल, एकसारखे टोमॅटो घेऊन आला आणि हिरव्या दोऱ्यानं ते एकेका फांदीला बांधू लागला. बायको कपडे वाळत घालायला वर आली आणि बघतच राहिली.

"अहो, हे काय चाललंय?"

"आईंचं मन राखतोय."

"राखा. पण त्या टोमॅटोवरचं स्टिकर तरी काढा."

त्यानं स्टिकरं काढली. तासाभरानं सासूबाई लेकीच्या खांद्याचा आधार घेत, प्रत्येक वळणावर थांबत, बावीस पायऱ्या चढून आल्या. समोरचं फळ त्यांनी तळहातावर तोललं आणि अलगद ओढलं. फळ आलं. त्याच्या मागोमाग वीतभर दोराही आला.

"झाडानं स्वतः गाठ मारलेली मी पहिल्यांदाच बघतेय," त्या म्हणाल्या. "मारली मात्र पक्की आहे."

किल्लीवाल्यानं मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं, चाळीसही झाडांवरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, "यातलं एकही माझं नाही." मग एकेक पायरी मोजत त्या खाली गेल्या. त्या रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्या दिवसापासून त्यांनी टोमॅटो ताटात घेणंच बंद केलं. चार दिवस हे बघितल्यावर किल्लीवाल्यानं टपरी अर्धा दिवस बंद ठेवली आणि तो बियाणेवाल्याकडे गेला.

"लालिमा संकरित होता हो," बियाणेवाला म्हणाला. "दोन वेगळ्या जातींचा संकर. त्याचं बी धरलं की पोरं आजोबांवर जातात, आत्यावर जातात, कोणावरही जातात. तुम्हाला हवंय सरळ वाण."

"सरळच वाढवलीत. प्रत्येकाला काठी लावलीय."

बियाणेवाल्यानं कपाळाला हात लावला. "काठीनं नाही होत ते. ज्याचं बी पेरलं की पुन्हा तसंच फळ येतं, तो सरळ वाण. लालिमाचा तसा वाण दुकानात मिळायचा नाही. पण शाळेच्या प्रयोगशाळेतल्या एक बाई आहेत, निवृत्त झाल्यात. आठ वर्षं त्या त्याच्याच मागे आहेत. बी कोणाला देत नाहीत. बघा जाऊन."

बाईंनी फाटकाच्या आतूनच सांगितलं, "बी मिळणार नाही. काम अजून पुरं झालेलं नाही."

"मला नकोच हो," किल्लीवाला काकुळतीला येऊन म्हणाला. "सासूबाईंना पाहिजे. बावीस वर्षं लालिमा खाल्लाय त्यांनी. डोळे मिटून चव सांगतील."

फाटकाची कडी लगेच निघाली.

बाईंची अडचण नेमकी तीच होती. पहिल्या वर्षी त्यांच्याकडेही सगळी सर्कसच उगवली होती. त्यातली लालिमासारखी दोन-तीन झाडं ठेवायची, बाकीची उपटायची, ठेवलेल्यांचं बी पुन्हा पेरायचं, असं करत करत आठ वर्षांत त्यांच्याकडे तीन वाण स्थिर झाले होते. तिन्ही दिसायला हुबेहूब लालिमा. पण चवीला खरा कोणता? भेसळ नको म्हणून मूळ लालिमा त्यांनी पुन्हा लावलाच नव्हता, आणि तो खाऊन आता इतकी वर्षं झाली होती की स्वतःच्या जिभेवर त्यांचा विश्वास उरला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी बाई प्रत्येक वाणाचा एक, असे हंगामातले शेवटचे तीन टोमॅटो घेऊन घरी आल्या; पुढचं बीही यांतूनच धरायचं होतं. प्रत्येकात एक काडी खोचलेली आणि काडीला नंबराची चिठ्ठी. सासूबाई ताठ बसल्या होत्या. टोमॅटो चिरून आणायचं काम किल्लीवाल्यानं आपणहून अंगावर घेतलं. एवढ्या मोठ्या प्रसंगी फोडी सुबक दिसाव्यात म्हणून त्यानं तिन्ही टोमॅटो धुतले, काड्या काढून कचऱ्यात टाकल्या आणि तीन बशा छान सजवून आणल्या.

सासूबाईंनी पहिल्या बशीतली फोड खाल्ली आणि नाही म्हणून मान हलवली. दुसरीतली खाऊन त्या जरा थबकल्या. तिसरीतली तोंडात घातली आणि त्यांनी डोळे मिटले. डोळे न उघडताच दुसरी फोड घेतली, मग तिसरी, मग चौथी. बशी रिकामी झाली.

"हाच," त्या म्हणाल्या.

बाईंनी वही उघडली. "कितवा नंबर?"

सगळ्यांनी किल्लीवाल्याकडे बघितलं. किल्लीवाल्यानं स्वयंपाकघराकडे बघितलं. कचऱ्याच्या डब्यात तीन काड्या होत्या, तीन चिठ्ठ्या होत्या, आणि कोणती कशातली हे सांगू शकणारा माणूस या जगात नव्हता.

"आठ वर्षं," बाई हळूच म्हणाल्या आणि खुर्चीवर बसल्या. बायकोनं त्यांना पाणी दिलं. किल्लीवाला मात्र रिकाम्या बशीवर वाकला होता. किल्लीचे दाते न्याहाळायची सवय असलेल्या त्याच्या डोळ्यांना काठापाशी साचलेल्या रसात काहीतरी दिसलं.

"बाई, बिया आहेत यात."

मोजल्या. अकरा होत्या. त्यानंच चिमट्यानं एकेक उचलून कपात घेतली. वरचा चिकट थर सुटावा म्हणून बिया दोन दिवस पाण्यात ठेवायच्या होत्या. किल्लीवाल्यानं कपावर 'धुऊ नये' असा कागद चिकटवला, तरी समाधान होईना म्हणून कप कपाटात ठेवून कुलूप लावलं. टपरीवर गेल्यावरही तो दर तासाला घरी फोन करून कप जागेवर आहे ना, हे विचारत होता. शेवटी बायकोनं फोन उचलणंच सोडलं.

अकरातल्या नऊ उगवल्या. नऊच्या नऊ झाडांना सारखीच फळं आली. पहिलं पिकलं त्या सकाळी सासूबाई पुन्हा बावीस पायऱ्या चढल्या. बाई वही घेऊन आल्या होत्या, पण वहीत न बघता सासूबाईंच्या तोंडाकडे बघत होत्या.

सासूबाईंनी फळ मधोमध कापलं, मीठ लावलं, खाल्लं. मग उरलेला अर्धा त्यांनी बाईंच्या हातावर ठेवला. बाईंनी तो खाल्ला आणि चष्मा काढून पदरानं पुसला.

"तोच आहे," सासूबाई म्हणाल्या. "फक्त याची साल जाड. पहिल्यापासूनच आहे म्हणा. पाकिटातल्या बियांना सांगून काय उपयोग, म्हणून मी गप्प बसले. आता बी आपलंच आहे. पातळ सालीचा करायचा तर किती वर्षं लागतील?"

बाईंनी चष्मा घातला. "दुसऱ्या जातीशी संकर करून पुन्हा निवडत जायचं. आठ तरी."

सासूबाईंनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे मी नव्वदीला टेकेन. चालेल." आणि त्या मागे वळल्या. "जावईबापू, कुंड्या वाढवाव्या लागतील."

आठ वर्षांनी आपण किती वर्षांचे असू, हे किल्लीवाल्यालाही मोजून बघायचं होतं. पण दोन्ही हातांत पाण्यानं भरलेल्या झाऱ्या होत्या, त्यामुळे ते राहून गेलं.