सहभाग भरला आहे

कायदा हा जनतेसाठी असतो, आणि जनता मधे आली नाही तर तो वेळेवर होतो. हे सत्य आमच्या कार्यालयाला फार पूर्वीपासून ठाऊक होतं. म्हणून नव्या नियमाचा मसुदा तयार झाला की आम्ही तो तळमजल्यावरच्या फलकावर लावत असू, खाली 'हरकती व सूचना तीस दिवसांत कळवाव्यात' असं लिहीत असू, आणि तीस दिवस शांतपणे चहा पीत असू. (चहाचा मसुद्याशी संबंध नाही. ती कायमस्वरूपी व्यवस्था आहे.) फलक जिन्याखाली होता, त्यामुळे वाकल्याशिवाय वाचता येत नसे. कायद्यापुढे माणसानं थोडं वाकावं, असा त्यामागे विचार असावा.

अकरा वर्षांत चौसष्ट मसुदे लागले आणि एकूण तीन सूचना आल्या. पहिलीत एका हरवलेल्या छत्रीचं वर्णन होतं. दुसरीत फलकाचा खिळा बाहेर आलाय आणि बाह्या फाटतात, अशी तक्रार होती. तिसरा कागद कोराच होता, तो आम्ही 'पूर्ण सहमती' या सदरात धरला. चौसष्टच्या चौसष्ट मसुदे जनतेच्या एकमुखी पाठिंब्यानं मंजूर झाले. (जनतेला एकच मुख असतं आणि तेही बहुतेक वेळा बंद असतं, हा लोकशाहीचा मोठा आधार आहे.)

सगळं सुरळीत चाललं होतं. पण सुरळीत चाललेलं वरच्यांना बघवत नाही. एके दिवशी वरून परिपत्रक आलं, की कायदे व धोरणं ठरवताना लोकसहभाग वाढवावा. यापुढे प्रत्येक मसुद्यामागे किमान पाचशे नागरिकांच्या सूचना असाव्यात, नसल्यास मसुदा परत पाठवण्यात येईल. आमच्या साहेबांनी परिपत्रक दोनदा वाचलं, चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचलं. आकडा तोच होता.

लगोलग 'लोकसहभाग कक्ष' स्थापन झाला. तिसऱ्या मजल्यावर बिघडलेले पंखे ठेवायची खोली होती, ती रिकामी करून तिथे एक टेबल, एक कपाट आणि एक खुर्ची मांडली. खुर्ची माझी. (जनतेसाठी दुसरी खुर्ची मागवली आहे. ती प्रक्रियेत आहे.) माझं अक्षर बरं असल्यामुळे कक्षाचा कार्यभार माझ्याकडे आला.

सुरुवातीला आम्ही प्रामाणिकपणाही करून पाहिला, हे नमूद केलं पाहिजे. जाहीर सभा ठेवली. दोनशे खुर्च्या मांडल्या, सात माणसं आली. त्यांतली चार एकाच घरातली होती आणि उन्हातून जरा टेकायला आली होती. पाचवा गृहस्थ झोपला. सहाव्यानं मुतारी कुठे आहे असं विचारलं, त्याची इतिवृत्तात 'जनतेनं मूलभूत प्रश्न उपस्थित केला' अशी नोंद झाली. सातवा खुर्च्या भाड्यानं देणारा होता.

सभेनंतर साहेब बराच वेळ रिकाम्या खुर्च्यांकडे बघत बसले. मग म्हणाले, "जनतेला वेळ नाही हो. तिच्या वतीनं कुणीतरी विचार करायला पाहिजे." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून मी जनतेच्या वतीनं विचार करू लागलो. मतदार यादी मागवली, आणि प्रत्येक पानावरचं वरून सातवं नाव घ्यायचं ठरवलं, म्हणजे पक्षपाताला जागा नको. यादीत फक्त नाव, पत्ता, वय आणि स्त्री की पुरुष एवढंच असतं. बाकीचा माणूस मला घडवावा लागे. शंभरातल्या साठ सूचना स्वागताच्या, पंचवीस काळजीच्या, दहा सौम्य विरोधाच्या (शेवटच्या ओळीत विरोध मागे) आणि पाच ज्येष्ठ नागरिकांच्या, त्या मी डाव्या हातानं लिहायचो, म्हणजे अक्षर थरथरतं. नागरिकानं लगेच मान डोलावली तर संशय येतो. त्यानं आधी चिडावं, मग विचार करावा, मग उमगावं आणि सरतेशेवटी आभार मानावेत, हे सूत्र मला तिसऱ्याच दिवशी सापडलं. घरी बायकोला काही सूचना वाचून दाखवल्या. ती म्हणाली, "एवढा समजूतदार माणूस तुमच्यात होता, तर इतकी वर्षं कुठे दडवून ठेवला होतात?"

हे सगळं ज्याच्यासाठी चाललं होतं, तो पासष्टावा मसुदा जिन्यांचा होता. वरच्या कार्यालयातल्या एका बड्या अधिकाऱ्याचं डोकं कुठल्याशा जिन्याखाली आपटलं होतं. त्यातून 'सार्वजनिक इमारतींतील जिन्यांचा सुयोग्य वापर' हे धोरण जन्माला आलं. त्याचं चौथं कलम असं : 'जिन्याखालील जागा पूर्णतः रिकामी असावी.' डोकं आपटू नये म्हणून जिना उंच करावा की अधिकाऱ्यानं खाली वाकावं, यावर मसुद्यात काही नव्हतं.

आमच्या जिन्याखाली मावशी बसत. शिलाई मशीन, एक स्टूल आणि सुतळीला अडकवलेली कात्री, एवढा त्यांचा संसार. बावीस वर्षं त्या तिथेच होत्या. आमच्या कार्यालयाचे पडदे, शिपायाचा गणवेश, साहेबांच्या वाढत्या पोटाच्या पँटी, माझ्या लग्नाचा कोट, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. त्या स्टुलावर बसल्या की फलक बरोबर त्यांच्या डोळ्यांसमोर येई. त्यामुळे अकरा वर्षांतले चौसष्ट मसुदे मन लावून वाचलेली आमच्या इमारतीतली (आणि बहुधा राज्यातली) ती एकमेव व्यक्ती होती.

पासष्टावा वाचून त्या जिना चढून माझ्या खोलीत आल्या. गुडघे धरत, टप्प्याटप्प्यानं. हातात कापडाच्या बेतासाठी वापरतात तो खाकी कागद होता, त्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं : 'पूर्णतः रिकामी ऐवजी, अडीच हात वाट सोडून, असं करावं. मी टेपनं मोजलं आहे. दोन माणसं सामान घेऊन जातात. डोकं लागतं तिथं चिंध्यांची उशी बांधावी, मी करून देईन.'

पासष्ट मसुद्यांत आलेली ही पहिली खरी सूचना. माझे हात क्षणभर थरथरले. (उजवाही.) पण नियम तो नियम.

"मावशी, पाचशे झाल्या," मी म्हणालो.

"कसल्या?"

"सूचना. सहभाग भरला आहे."

"भरला? सहभाग म्हणजे काय बस आहे का रे?"

"पुढच्या मसुद्याला लवकर या."

"पुढच्या मसुद्याला मी असेन कुठे?" त्यांनी स्टूल नसल्यामुळे कपाटाला हात टेकला. "बरं, दाखव बघू ते पाचशे. कोण आहेत मला उठवणारे?"

सूचना पाहण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. तो कुणी वापरेल असं हक्क देताना कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, एवढंच. मी माझी खुर्ची त्यांना दिली आणि उभा राहिलो. त्या एकेक कागद उलटत गेल्या. मधेच म्हणत, "हा औषधवाला. कंबर छत्तीस. ह्या शाळेतल्या बाई, डावा खांदा उतरता." माणसं त्यांना मापानं ओळखू येत होती. पण तीनशे अठ्ठ्याऐंशीव्या कागदावर त्यांचं बोट थांबलं.

"हे माझं नाव आहे," त्या म्हणाल्या.

मी वाकून पाहिलं. पत्ता, वय त्रेसष्ट, स्त्री. बावीस वर्षं आम्ही सगळे त्यांना मावशीच म्हणत आलो. त्यांना नाव असेल असं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. आणि तीनशे अठ्ठ्याऐंशी ही माझी सर्वोत्तम सूचना होती. डाव्या हाताची. ती वाचून साहेबांना गहिवरून आलं होतं, आणि आदर्श नमुना म्हणून ती वर पाठवली होती. मावशींनी ती मोठ्यानं वाचली : 'मी एक थकलेली बाई. जिना चढताना खालच्या अंधाराकडे पाहून छातीत धडधडतं. तिथे कुणी बसलेलं नसेल तर माझ्यासारखीला मोकळा श्वास घेता येईल. सरकारचे उपकार कसे फेडू?'

वाचून झाल्यावर त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "मी घाबरते कुणाला रे? तिथे तर मीच असते."

मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. हे मी लेखी देणार नाही.

प्रकरण साहेबांकडे गेलं. साहेबांनी न्यायबुद्धीनं विचार केला. एका नागरिकाला एकच सूचना. मावशींची तर आधीच आलेली, त्यामुळे खाकी कागद दुसरा ठरतो आणि बाद होतो. पहिली आपण लिहिलीच नाही असं त्या म्हणतात, पण त्या जिन्याखाली बसत असल्यानं हितसंबंधी आहेत, सबब त्यांचं म्हणणं धरता येत नाही. तरीही साहेब निर्दयी नव्हते. ते म्हणाले, "सात दिवस देतो. पाचशेतल्या दुसऱ्या एकानं जरी लिहून दिलं, की ही सूचना माझी नाही, तर अख्खा मसुदा परत. तुमचं मशीन जागेवर."

"तूच दे ना लिहून," बाहेर आल्यावर मावशी मला म्हणाल्या. "तुला तर ठाऊक आहे."

"मावशी, मी कर्मचारी आहे. कार्यालयीन वेळेत मी नागरिक नसतो."

"आणि पाच वाजल्यानंतर?"

"पाच वाजल्यानंतर कार्यालय बंद असतं."

त्यांनी वाद घातला नाही. त्यांच्या गिऱ्हाइकांपैकी एक्केचाळीस जण यादीत होते. त्यांच्या सूचना त्यांनी मापांच्या वहीत उतरवून घेतल्या, छाती-कंबर-उंचीच्या खाली. एकच माणूस हवा होता. खोटं बोलायचं नव्हतं, कुणाशी भांडायचं नव्हतं. 'मी हे लिहिलं नाही' एवढं चार शब्दांत, चारही खरे. (कमी शब्दांत एवढं खरं आमच्या कार्यालयात आजवर आलेलं नाही.)

औषधवाल्यानं आपली सूचना तीनदा वाचली आणि म्हणाला, "छान लिहिलंय मी." मग त्यानं तिची नक्कल मागून घेतली आणि दुकानात खोकल्याच्या बाटल्यांच्या वर लावली. शाळेतल्या बाई म्हणाल्या, "अक्षर माझं नाही, पण विचार माझाच वाटतो." एक निवृत्त गृहस्थ सौम्य विरोध करून मागे घेणाऱ्या दहा टक्क्यांत होते, आपण सरकारला विरोध केला हे वाचून त्यांची छाती दोन इंचांनी फुगली, मावशींना कोट उसवावा लागला. एकानं विचारलं, "नाही म्हटलं तर चौकशी लागेल का?" दुसरा म्हणाला, "एवढ्या लोकांनी लिहिलंय म्हणजे मीही लिहिलंच असणार." पाचजण म्हणाले, "तुमच्याबद्दल काही नाही हं मावशी, तत्त्वाचा प्रश्न आहे." आणि ट्रायल घेऊन गेले.

सहाव्या दिवशी मावशी थोरल्या बहिणीकडे गेल्या. तीही यादीत होती, चारशे दोन. बहिणीनं चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, "लिहिलं असेन गं. हल्ली आठवत नाही. पण चांगलं लिहिलंय, नाही?" हे मावशींनी मला सांगितलं तेव्हा त्या हसत होत्या. डोळे मात्र पुसत होत्या, ते त्यांनी लपवलं नाही.

सातव्या दिवशी पाच वाजता मुदत संपली. एकही नकार आला नाही. चारशे नव्व्याण्णव नागरिक आपल्या मतावर ठाम राहिले. साहेब म्हणाले, इतका जिवंत लोकसहभाग त्यांनी आपल्या सेवेत पाहिला नव्हता, आणि ते खरं होतं.

सोमवारी मशीन उचललं. चौघे लागले, बावीस वर्षांत त्याच्या पायांनी फरशीत खळगे पाडले होते. निघण्याआधी मावशींना 'सजग नागरिक' प्रमाणपत्र देण्यात आलं, सूचना क्रमांक तीनशे अठ्ठ्याऐंशीसाठी. त्यावर नाव बिनचूक होतं. मावशींनी ते घडी घालून मापांच्या वहीत ठेवलं आणि मला विचारलं, "काही शिवायचं असलं तर कुठे देशील आता?" त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, शिवण बघितल्यासारखा, आणि त्या गेल्या. जागा पूर्णतः रिकामी झाली. आता तिथे काही नाही, त्यामुळे तिथून कुणी फलकही वाचत नाही.

आमच्या कक्षाचा नमुना मात्र सगळीकडे लागू झाला आहे. सध्या सहासष्टावा मसुदा हाती आहे. तो तुमच्या राहत्या जागेबद्दल आहे. तपशिलात जाऊन तुमचा वेळ घेत नाही. तुमची सूचना लिहून झाली आहे. सुरुवातीला तुम्ही थोडे चिडला आहात, चौथ्या ओळीत तुम्हाला पटलं आहे, आणि शेवट तर वाचण्यासारखा आहे. ती आपली नाही असं वाटल्यास सात दिवसांच्या आत तिसऱ्या मजल्यावर येऊन लिहून द्यावं. खुर्ची एकच आहे, पण ती लागेल असं वाटत नाही.