राखीव मानुकेची फत्ते

श्रीगजानन प्रसन्न. मुलूख न्यूझीलंड, उत्तर बेट, टोकोरोआ कसब्याचे पलीकडे पाइनचे अरण्यालगत एक लहानसे खेडे, तेथील दवाखान्याचे मुखत्यार राजश्री डॉक्टर जगदीशराव सांगलीकर यांचे घरी, शके एकोणीसशे अठरा, धातानाम संवत्सरी, अधिक आषाढमासी सरपणापायी जो संग्राम जाहला, त्याची हकीकत जाणत्यांनी पुसली, की मोर्चे कोणी बांधले, दगा कोणी केला आणि फत्ते कोणाची जाहली. त्यास जे घडले ते तिखटमीठ न लावता लिहितो. कोठे लागलेच तर ते चवीपुरते समजावे.

प्रथम मुलखाची स्थिती. देशी आषाढ म्हणजे पागोळ्या आणि कांदाभजी, येथे आषाढ म्हणजे ऐन हिवाळा. पहाटे गवतावर पांढरे दंव गोठोन राही, आणि घर सारे लाकडी, फटींतून वारा बेलाशक येई, आणि आत व बाहेर यांत फरक इतकाच की आत छप्पर होते. खोबरेल तेलाची बाटली गोठली ती गोठलीच. दुधास विरजण लावावे तर ते तीन दिवस दूधच राही. दिवाणखान्यात एक लोखंडी शेगडी, काचेच्या दाराची, धुराडे छपरातून वर गेलेले, त्या मुलखी तिला वुडबर्नर म्हणतात, आणि घराची सारी ऊब तिचे एकटीचे जिवावर होती.

जगदीशराव मोठे उमेदीचे गृहस्थ. उन्हाळ्यात शेजारीपाजारी सरपण फोडोन, रचोन, वाळत घालीत होते तेव्हा खासे डॉक्टरसाहेब अंगणात खुर्ची टाकोन त्यांची मौज पाहत होते. मग थंडी दाराशी आली तेव्हा जाग येऊन, रानाचे मालक कंपनीचा परवाना घेतला, ट्रेलर उसना घेतला, आणि तोडणी जाहलेल्या रानात जातीने शिरोन पाइनचे ओंडके भरोन आणले. ते ओंडके इतके ओले की शेगडीत घातले असता सूं सूं करोन रडत, धूर करीत, आणि ऊब म्हणाल तर नावाला नाही. देशी अधिक मासात जावयास अनारशांचे वाण मिळते. येथे सांगलीकरांचे वाट्यास ओले पाइन आले, आणि ते त्यांनी आपले हातेच आणले होते.

त्यांच्या पत्नी सौभाग्यवती सुलेखाबाईसाहेब, कसबा चंद्रपूर, जेथे वैशाखात डांबर वितळते तेथील वाढलेल्या, गावातील औषधांचे दुकानी फार्मसिस्ट. त्या दोन स्वेटर, वर शाल, पायी मोजे आणि त्यावर जंडल्स, म्हणजे अंगठ्याच्या रबरी चपला, ऐशा बंदोबस्तात पोळ्या लाटीत. तक्रार म्हणोन फार करीत नसत. फक्त लाटणे जोराने ठेवीत.

ऐशात एक नवल वर्तले. विरेमू नामे गावचे वृद्ध लाकूडतोडे, ज्यांचे पायाची चिघळलेली जखम डॉक्टरसाहेबांनी कैक दिवस घरी जाऊन बांधली होती, ते बरे होताच ट्रेलरभर नजराणा घेऊन दारी आले. नजराणा कसला, तर मानुका नामे झाडाचे वाळलेले सरपण, जात कठीण, वजनास भारी, त्या मुलखी चुलीचे सोनेच म्हणावे. “किया ओरा, डॉक,” ऐसा तिकडील रामराम करोन विरेमूंनी आपले हाते दोन ओंडके शेगडीत घातले, आणि मग काय सांगावे, घटकेत काचेवरचे पाणी सुकले, मग शाल उतरली, मग स्वेटर उतरले, आणि बाईसाहेब गुणगुणत पोळ्या करू लागल्या. ऐसे त्या घरी हिवाळा लागल्यापासून जाहले नव्हते. विरेमूंनी जाताना बजाविले की, हे जाळा, हीप्स आहे, म्हणजे ढीगभर आहे, संपले की आणू.

परंतु जगदीशरावांचे रक्त सांगलीचे. त्यांचे मातोश्रींचे घरी बोनचायनाच्या कपबशा काचेच्या कपाटात होत्या, आणि घरची माणसे जन्मभर कान तुटलेल्या कपांतून चहा प्याली, सबब चांगली वस्तू दिसली की ती उचलोन ठेवावी ही त्यांची जुनी खोड. त्यांनी सारी मानुका शेडमध्ये रचिली, वर ताडपत्री घातली, दारास कुलूप लाविले, किल्ली आपले कमरेस ठेविली, आणि फर्मान काढिले की, हे सरपण पाहुण्यांकरिता राखीव, घरच्यांनी पाइनवर भागवावे. बाईसाहेबांनी स्वेटर पुन्हा चढविले.

पाहुणे कोण, तर ऑकलंड शहरी, सँडरिंगहॅम पेठेचे रहिवासी, डॉक्टरसाहेबांचे स्नेही राजश्री अभिषेकराव आणि त्यांच्या पत्नी सुखदाबाई. ते दर आठवड्यास फोनवरून कळवीत की, येत्या रविवारी खचित येतो. मग जगदीशराव धुराडे झाडीत, काच पुसोन लख्ख करीत, मानुकेचे ओंडके निवडोन टोपलीत मांडीत, आणि रविवार उजाडला की अभिषेकरावांचा फोन येई. कधी गाडी बिघडली, कधी रग्बीचा सामना निघाला, कधी सुखदाबाईंस पडसे जाहले. मग डॉक्टरसाहेब टोपली उचलोन पुन्हा शेडमध्ये ठेवीत आणि कुलूप लावीत. बाईसाहेब शालीतून ती टोपली येताना पाहत आणि जाताना पाहत.

एकदा त्यांनी अर्ज गुजारिला, तो ऐसा: “अहो, आपण या घरात कोण आहोत?” डॉक्टरसाहेब म्हणाले, “आपण घरचेच की गं.” आणि त्यांस वाटले की आपण मोठे मायेचे बोललो.

तो ऑकलंडलगतचे पापाकुऱ्याहून बाईसाहेबांच्या मावसबहीण नीलांबरीबाई यांचा फोन आला की, तेथील एका औषधांच्या दुकानी जागा आहे, आमचे घरी गॅसचा हीटर आहे, खोली रिकामी आहे, सोमवारी रुजू हो. हे वर्तमान डॉक्टरसाहेबांस कळले. त्यांस हे खेडे प्यारे होते, रान प्यारे होते, आणि सुलेखाबाईंवाचून यातले काहीच प्यारे नव्हते, परंतु ऐसे तोंडाने बोलावे तर जीभ रेटेना. त्यांनी विचारिले, “मग? तुझं काय ठरलं?” बाईसाहेब म्हणाल्या, “बघू.” या एका शब्दावर डॉक्टरसाहेबांनी सारा आठवडा झोप न घेता काढिला. इतके जाहले तरी किल्ली कमरेसच.

मग रविवार उजाडला. दंव ऐसे पडले की अंगण चुन्याने सारविल्यासारखे दिसे. टोपली मांडली होती, आणि फोन वाजला, आणि अभिषेकराव दिलगिरीने म्हणाले की सासुरवाडीहून मंडळी आली. डॉक्टरसाहेबांनी फोन ठेविला, टोपली उचलिली आणि बोलिले, “काही हरकत नाही, पुढच्या रविवारी येतील.” त्यावर बाईसाहेब उठल्या, आत गेल्या, बॅग घेऊन आल्या, कोट घातला आणि दार ओढोन बाहेर पडल्या. डेअरीपाशी, म्हणजे कोपऱ्यावरचे दुकानापाशी, ऑकलंडची बस थांबत असे.

डॉक्टरसाहेब तोवर शेडमध्ये मानुका पुन्हा नीट रचीत होते, ते घटकाभराने रिकामे हाते परतले तो घर सुने. हाका मारिल्या, जाब नाही. खुंटीवर कोट नाही. मग जे मोठमोठ्या जखमा पाहोन कधी डळमळले नव्हते ते जगदीशराव शेगडीपुढे मटकन बसले, आणि आपण केवढे गाढव आहोत हे त्यांस स्पष्ट कळले, आणि आत पाइन सूं सूं करीत होते. जोडे शोधावे, धावावे, बस अडवावी ऐसे मनात आणोन एक जोडा पायी चढविला. इतक्यात दारावरची घंटा वाजली.

दार उघडिले. बाहेर सुलेखाबाईसाहेब, नाक लाल, हाती बॅग. म्हणाल्या, “नमस्कार. डॉक्टर सांगलीकरांचं घर ना हे? मी चंद्रपूरची. काही दिवस राहायला आले आहे. इकडे फार थंडी आहे असं ऐकलं.”

डॉक्टरसाहेब दारातून बाजूस जाहले. “या, या. बसा,” ऐसे म्हणाले. बाईसाहेब पाहुण्यांचे खुर्चीवर, जिच्यावर घरचे कोणी बसत नसे, ऐसपैस बसल्या, आणि डॉक्टरसाहेब किल्ली घेऊन शेडकडे धावले.

अंगणात जाताना त्यांनी जे देखिले ते येथे नमूद करणे भाग आहे. पांढऱ्या दंवावर जंडल्सची पावले उमटली होती. ती फाटकाशी थांबली नव्हती. फाटकाबाहेर, रस्त्याकडेचे गवतावरून, थेट डेअरीपर्यंत गेली होती, आणि बस थांबते तेथे बराच वेळ घोटाळली होती, आणि मग तेथून परतली होती. डॉक्टरसाहेब परत आले, मानुका शेगडीत घातली, बॅग उचलोन बाजूस ठेवू लागले, तो ती जड लागली. पाहुणीचे सोंगास इतके ओझे लागत नाही हे त्यांस उमगले. त्यांनी डोळे पुसले, आणि बाईसाहेबांनी विचारिले असता धुराने पाणी आले म्हणोन सांगितले, तेव्हा शेगडीत मानुका होती आणि धूर नव्हता.

मग त्यांनी बाईसाहेबांपुढे ओंडक्यावर बसोन कबूल केले की, माझे चुकले, आणि तू गेली असतीस तर मी या घराचे काय करणार होतो. बाईसाहेबांनी कोट काढिला, शाल काढिली, हात शेकले आणि म्हणाल्या, “पाहुण्यांना चहा विचारायची पद्धत आहे का तुमच्याकडे?” मग डॉक्टरसाहेबांनी जातीने चहा केला. मग तह जाहला. कलम एकच, की किल्ली आजपासून बाईसाहेबांकडे. नीलांबरीबाईंस फोन गेला की, येत नाही, आभारी आहे.

येणेप्रमाणे राखीव मानुका फत्ते जाहली, ढीग हस्तगत जाहला, आणि त्याच आठवड्यात विरजण लागोन घट्ट दही जाहले, हे दप्तरी दाखल असावे. श्रावणमासी एके रविवारी अभिषेकराव आणि सुखदाबाई खरोखरीच आले. त्यांस पाहुण्यांचे खुर्च्यांवर बसविले, चांगल्या कपांत चहा दिला, आणि शेगडीत पाइन घातले. सुखदाबाईंनी कोट अंगाभोवती आवळोन घेतला. अभिषेकरावांनी खिडकीतून शेडचे उघड्या दाराकडे पाहोन विचारिले की, तिथं चांगलं लाकूड दिसतंय, ते नाही का जाळत?

डॉक्टरसाहेबांनी बाईसाहेबांकडे पाहिले, आणि मग अत्यंत अदबीने कळविले की, ते घरच्यांसाठी राखीव आहे.