वेबसाइटवरचा टू बीएचके

गेल्या वर्षी आमच्या वेबसाइटवरच्या फ्लॅटांमध्ये माणसं राहायला गेली, आणि त्यांत माझी बायकोही होती.

मी हेमंत बागूल. नाशिकला पाथर्डी फाट्यावर माझी इस्टेट एजन्सी आहे. जुनी वेबसाइट माझ्या आतेभावानं करून दिली होती. ती उघडली की आधी सनई वाजायची, मग लाल अक्षरं डोळे मिचकावायची, आणि निम्म्या फोटोंत माझा अंगठा दिसायचा. गिऱ्हाईक काही यायचं नाही. धंद्यातल्या एकानं सांगितलं, की हल्ली सगळे व्हर्च्युअल असिस्टंट ठेवतात. त्यांना खुर्ची लागत नाही, चहा लागत नाही, काम मात्र होतं. म्हणून मी ऋचा कानडे मॅडमना ठेवलं. त्या कुठं राहतात ते मला आजही माहीत नाही. आवाज शांत असतो, आणि फोनवर मागे कधी कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू येत नाही.

मॅडमनी वेबसाइट पार बदलली. सनई गेली, अंगठा गेला. दारावर बोट ठेवलं की दार उघडावं आणि घरभर फिरता यावं, अशी सोय त्यांनी केली. मजकूर मात्र माझाच ठेवला.

"सर, तुम्ही जे लिहिलंय ते तसंच आहे ना?" त्यांनी एकदा विचारलं.

"आमच्या धंद्यात लिहितात तसंच आहे," मी म्हणालो. त्यांनी ते 'हो' धरलं.

पुढच्याच रविवारी लोक फ्लॅट बघायला आत गेले आणि तिथंच राहिले. त्यांना दोष देता येत नाही. आम्ही 'चोवीस तास पाणी' लिहिलं होतं, तर तिथं चोवीस तास पाणी होतं. 'भरपूर उजेड' लिहिलं होतं, तर अमावस्येलाही भरपूर उजेड होता. 'भाजी मार्केट हाकेच्या अंतरावर' होतं, आणि गॅलरीतून हाक मारली की भाजीवाला खरोखर ओ देत होता. इतकं सगळं असताना कोण कशाला परत येईल?

योगिता, माझी बायको, गेली ती माझ्याच सांगण्यावरून. 'शुद्धलेखन तेवढं बघून दे' असं मी म्हणालो होतो. श्रीनिधी हाइट्समधला ए-४०२, टू बीएचके, तिनं उघडला. मी चहाची वाट बघत बसलो. चहाचा वास काही येईना. शेवटी मोबाईलवर बघितलं, तर तिनं चहा तिकडेच ठेवला होता.

मॅडमनी गिऱ्हाइकांशी बोलण्यासाठी वेबसाइटवर सोय केली होती. तिथून मी हाक मारली.

"अगं, ये की बाहेर. झालं ना बघून?"

"अहो, इथं किचनमधून खरंच डोंगर दिसतो," ती म्हणाली.

'किचनमधून पांडवलेणीचा डोंगर दिसतो' हे वाक्य माझंच. खऱ्या ए-४०२ च्या किचनमधून शेजारच्या बिल्डिंगचे पाइप दिसतात.

"बरं, दिसतो तर दिसतो. जेवायला काय करणार आहेस?"

"तुमच्यासाठी वरण-भात झाकून ठेवलाय. मी इथंच जेवेन."

पहिले काही दिवस मी हसण्यावारी नेलं. मग मात्र माझा जीव थाऱ्यावर राहिना. जेवताना मोबाईल उघडायचो, गाडी चालवताना उघडायचो. ती कधी किचनच्या ओट्याशी असायची, कधी गॅलरीत. आम्ही लग्न झाल्यापासून भाड्यानं राहतोय. अकरा महिन्यांचा करार संपला की नवं घर. निम्म्या नाशिकला मी हक्काच्या घरात नेऊन बसवलं, पण आमच्या घरातली खोकी कधी पूर्ण उघडली नाहीत. योगितानं त्याबद्दल कधी तोंडातून शब्द काढला नव्हता. तिनं भांडण काढलं असतं तर निदान मी भांडलो तरी असतो.

शेवटी मीच आत जायचं ठरवलं. दारावर बोट ठेवलं. दार उघडलं नाही. मी मॅडमना फोन लावला.

"सर, आत राहणाऱ्यांनी सोसायटी स्थापन केली आहे," त्या म्हणाल्या. "पहिल्याच मीटिंगमध्ये त्यांनी गेटवर पाटी लावायचा ठराव केला. 'एजंटांना प्रवेश नाही.'"

"अहो, वेबसाइट माझी आहे!"

"हो सर. म्हणूनच पाटी लागू होते. तुमच्या नावाखाली वेबसाइटवर मोठ्या अक्षरांत 'एजंट' लिहिलेलं आहे. ते तुम्हीच लिहायला सांगितलं होतं."

"मग माझ्या बायकोला बाहेर कसं काढू?"

मॅडमनी नियम सांगितला. "फ्लॅट आपल्याकडून विकला गेला, तर पान काढून टाकावं लागतं. नाही तर लोकांची दिशाभूल होते. पान गेलं की त्यांना घर सोडावंच लागेल."

एरवी विकायचा म्हणूनच मी फ्लॅट विकतो, पण हा विकण्यासाठी मी जंग जंग पछाडलं. ओळखीच्या सगळ्यांना फोन केले. अखेर दातांचे डॉक्टर कुलथे तयार झाले. त्यांना मी खरा ए-४०२ दाखवायला नेला. घरात ओल्या सिमेंटचा वास होता आणि पंख्यांच्या जागी तारा लोंबत होत्या.

"वेबसाइटवर किचनमध्ये एक बाई दिसतात," डॉक्टर म्हणाले. "त्या कोण?"

"त्या फोटोपुरत्या आहेत," मी म्हणालो.

"बरं. घर आवडलं आपल्याला. उद्या टोकन देतो."

डॉक्टर कॅबिनेटची मापं घेत बसले, तेव्हा मी गॅलरीत जाऊन मोबाईलवरून योगिताला सांगितलं. वाटलं होतं, चिडेल, रडेल, निदान कारण तरी विचारेल.

"हो का?" एवढंच ती म्हणाली. मग साडीचा पदर खोचून तिनं ओट्यावरचे डबे खाली उतरवायला घेतले. काचेच्या बरण्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या. कुठली वस्तू आधी भरायची, हे हातांना पाठ होतं. मोठ्या पातेल्यात लहान पातेलं, त्यात वाट्या. एकदा फक्त मान वर करून तिनं विचारलं, "उद्या कधीपर्यंत सोडायचंय? सकाळीच, की दुपारी निघालं तरी चालेल?"

मला रडू आलं. गिऱ्हाइकाच्या देखत, सिमेंटच्या त्या गॅलरीत उभा राहून मी रडलो. तिला परत आणायची म्हणजे काय, तर तिला पुन्हा एकदा घर खाली करायला लावायचं. एवढंच मला येत होतं.

डोळे पुसून मी आत गेलो आणि म्हणालो, "डॉक्टर, पाणी सकाळी जेमतेम अर्धा तास येतं."

"वेबसाइटवर तर चोवीस तास लिहिलंय."

"वेबसाइटवर येतं. इथं नाही. इथून डोंगर दिसत नाही. पार्किंगमध्ये तुमची गाडी बसणार नाही. आणि वरच्या मजल्यावरचे पोळपाट-लाटणं नक्की कधी काढतील याचा नेम नाही."

डॉक्टरांचं माप घेणं थांबलं. एजंटाच्या तोंडून असं त्यांनी कधी ऐकलं नसावं. "मग मला वेबसाइटवरचाच द्या," ते म्हणाले.

"तो गेला."

"कोणाला?"

"आहे एक फॅमिली."

"लकी लोक आहेत," डॉक्टर म्हणाले आणि टेप गुंडाळून निघून गेले.

मी मॅडमना कळवलं. त्यांनी विचारलं, "मग ए-४०२ च्या पानावर काय लिहू सर?"

"किंमत काढून टाका. 'राहतं घर' एवढंच लिहा."

"नियमात बसतंय," त्या म्हणाल्या.

पुढे बिल्डरनं खरा फ्लॅट दुसऱ्या एजंटामार्फत विकला. आपल्याकडून विक्री झाली नसल्यामुळे आपलं पान काढण्याचा प्रश्न येत नाही, असं मॅडमनी मला लेखी कळवलं. योगितानं बरण्या पुन्हा मांडल्या. मी मात्र रोज संध्याकाळी घरात नुसता येरझाऱ्या घालायचो. ती बरी होती, मजेत होती, भिशीच्या बायकाही तिला मिळाल्या होत्या. मला करमत नव्हतं.

तेवढ्यात माझा करार संपला. एकट्यापुरती जागा शोधायला मी आधी माझ्याच यादीतून सुरुवात केली. सगळीकडे एकच उत्तर मिळालं: एकट्या पुरुषाला देत नाही. गेली कित्येक वर्षं हेच उत्तर मी खोली मागायला येणाऱ्या पोरांना देत आलो होतो. शेवटी इंदिरानगरला शिरोडे काकांकडे गेलो. त्यांची वरची खोली रिकामी होती.

"फॅमिली आहे ना?" काकांनी दारातच विचारलं.

"आहे."

"कुठंय?"

"वेबसाइटवर."

"दाखवा," काका म्हणाले.

मी मोबाईल पुढे केला. काकांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि नमस्कार केला. "नमस्कार वहिनी."

"नमस्कार काका. या ना, बसा," योगिता आतून म्हणाली. तिच्या हातात काहीतरी होतं.

"घर छान ठेवलंय," काका मला वरच्या खोलीत नेत म्हणाले. "चालेल. फॅमिली असली की आम्हाला काळजी नसते. आता अटी ऐका. गच्चीवर जायचं नाही. नॉनव्हेज करायचं नाही. आणि भिंतीला खिळा ठोकायचा नाही. एकसुद्धा नाही."

मी मान डोलावली. तेवढ्यात मोबाईलमधून ठोकल्याचा आवाज आला. ठक्, ठक्. काका दचकून खोलीच्या चारही भिंतींकडे बघायला लागले.

"ते तिकडचं आहे," मी म्हणालो.

"हां, मग हरकत नाही. तिकडे त्यांचं घर आहे."

योगितानं स्टुलावर चढून खिळ्याला फ्रेम अडकवली. आमच्या लग्नाचा फोटो होता तो. खोक्यातून बाहेर आलेला मी पहिल्यांदाच बघत होतो. ती दोन पावलं मागे सरकली.

"अहो, सरळ आहे का बघा."

मी अजून फोटोतल्या आम्हा दोघांकडेच बघत होतो. शिरोडे काका मोबाईलवर वाकले.

"डावीकडून जरा वर घ्या वहिनी," ते म्हणाले. "हां. आता ठेवा तसाच."