जोमाच्या टाचा

जोमा म्हात्रे गमबूट पायात घालत नसे, गळ्यात घालत असे. कंपनीने दिलेले बूट सुतळीने बांधून गळ्यात अडकवायचे आणि धुऊन कोरड्या केलेल्या हौदात अनवाणी उतरायचं, ही त्याची पद्धत. कुणी हटकलं तर म्हणे, "बूट आनलंत ना? मंग झाला."

हौद म्हणजे पाण्याचा नव्हे. साठ सालानंतर पनवेलबाहेर आमचा कारखाना उभा राहिला, तिथे अ‍ॅसिडच्या टाक्यांभोवती बुटका बांध घालून आत खास विटांची फरशी केलेली होती. टाकी गळलीच तर अ‍ॅसिड तिथेच अडावं, शेजारच्या भातखाचरात जाऊ नये म्हणून. ती फरशी तपासणं आणि तिची डागडुजी करणं हे कागदोपत्री माझं काम. मी डिप्लोमावाला सुपरवायझर. जोमा माझ्या हाताखालचा गवंडी, उलव्याकडच्या मिठागरात वाढलेला.

मी गुडघे टेकून वीट न् वीट हातोडीने ठोकत बसे. जोमा टाचा आपटत एक फेरी मारी, मध्येच थांबे आणि म्हणे, "इथं पोकल हाय." उकरलं की खरंच पोकळ. मिठागराची जमीन पायानेच तुडवून घट्ट करतात, त्यात काय मोठंसं, असं मी सगळ्यांना सांगे. पण मी जळत होतो. चांगलाच जळत होतो.

मॅनेजरसाहेब माझा तपासणीचा कागद हातात घेऊन विचारत, "म्हात्रे काय म्हणतो?" घरी तीच गत. एकदा चहाला आला, तर स्वयंपाकघरात टाच आपटून म्हणाला, "वयनी, चुलीच्या बाजूला उंदरान पोकरलाय." पोखरलेलं निघालं. तेव्हापासून दूधवाला बदलायचा तरी आमच्या हिचं सुरू, "म्हात्रेकाकांना विचारा."

पावसाळ्याआधी हौदाचा एक कोपरा उकरून नव्याने बसवायचा होता. तो नीट झाला की माझी नोकरी कायम व्हायची होती. मी मुद्दाम जोमाला बांधाच्या गिलाव्याला लावलं आणि कोपरा दुसऱ्या गवंड्याकडून स्वतः करून घेतला. विटा सुतात, सांधे एकसारखे. वर तीन दिवस जातीने उभा राहून सकाळ-संध्याकाळ पाणी मारून घेतलं. जोमा लांबून बघत होता. त्याचा पडलेला चेहरा पाहून मला फार बरं वाटलं.

रविवारी स्वतःचंच काम डोळे भरून बघायला गेलो, तर जोमा माझा अर्धा कोपरा उकरून बसलेला. मी तडक साहेबांच्या बंगल्यावर गेलो आणि तक्रार केली.

सोमवारी साहेबांनी दोघांना बोलावलं. जोमाने एकदा माझ्याकडे पाहिलं. "चुकी झाली साएब. माज्या टाचेला भास झाला." साहेबांनी त्याला हौदातून काढून कुंपणाच्या कामावर टाकलं.

मी विजयी मुद्रेने हौदात परतलो आणि उकरलेल्या ढिगातला, विटा सांधायचा मसाला हातात घेतला. तो ओल्या पिठासारखा चुरगळला. साध्या सिमेंटला पाणी लागतं. हा अ‍ॅसिडला टिकणारा मसाला मात्र घट्ट होईपर्यंत कोरडाच ठेवायचा असतो. पोत्यावर तसं छापलेलं होतं. मी वाचलं नव्हतं.

कुंपणापाशी जाऊन जोमाला विचारलं, "माहीत होतं, तर बोलला का नाहीस?"

"तुमी उबं राऊन पानी मारून घेत व्हतं. चार मान्सांसमोर कसा बोलनार? रईवारी गुपचूप बसवून टाकला असता." खांबाला तार आवळत तो म्हणाला, "वयनीचं दिस भरत आलंत. अशात नोकरी गेली तं काय कराल?"

मला त्याचा रागच आला. हा माणूस इथेही माझ्या पुढे. त्याच तिरीमिरीत साहेबांकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. जोमा हौदात परत आला, माझं कायम होणं सहा महिने पुढे गेलं.

जोमा खूश होईल असं वाटलं होतं. तो दोन दिवस माझ्याशी बोललाच नाही. तिसऱ्या दिवशी विटा पुसता पुसता मान वर न करता म्हणाला, "फुकट सांगलात. माज्यासाठी आजपावत कुनी कुनाकडं बोलाया गेला नाय. मना काय बोलावा ता समजंना."

मी त्याच्या शेजारी बसून विटा पुसायला लागलो.