हरवला तर रडू येऊ नये असा चाकू

समोरच्या ब्लॉकमधले नाना देवळात जाताना चपला बाहेर काढत, कमरेचा चाकू मात्र काढत नसत. चार बोटांचं पातं, लाकडी मूठ, चामड्याचं म्यान. पेरू कापायला तोच, पार्सलची सुतळी तोडायला तोच. एकदा सिनेमाच्या दारावर चाकू अडवला, तर नानांनी सिनेमा सोडला. काकू एकट्या आत गेल्या आणि घरी आल्यावर म्हणाल्या, आयुष्यात पहिल्यांदा शांतपणे पिक्चर पाहिला.

घडीच्या चाकूवर त्यांचा भारी राग. "घडी रुमालाची घालावी. चाकू सरळच पाहिजे." किमतीचाही नियम ठरलेला. "हरवला तर रडू येऊ नये, एवढाच महाग घ्यायचा." गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात विळ्या-चाकू मांडून बसणारी बाई नानांना लांबून पाहूनच कपाळावर हात मारायची. पातं मुठीच्या टोकापर्यंत गेलंय की नुसतं वर खोचलंय, हे कळायला ते एकेक चाकू कानाशी धरून मुठीवर टिचकी मारत. मग पेरू आणून कापून बघत, आणि फोडी त्या बाईलाच खायला घालत.

पण स्वतःचा चाकू कुणाच्या हातात द्यायचे नाहीत. खाली ठेवायचे, आपण उचलायचा. हातात दिला की भांडण होतं, असं आमच्याकडे सगळेच म्हणतात, पण एवढं पाळतं कोण? एकदा मी वैतागलेच. म्हटलं, नाना, माझ्याशी काय भांडण होणार आहे तुमचं? नाना हसले नाहीत.

"बाळूही असंच म्हणाला होता."

बाळू त्यांचा धाकटा भाऊ. मखमलाबादला घरची फुलशेती तोच बघायचा. गुलाब काढायच्या घाईत नानांनी एकदा त्याच्या हातात चाकू दिला, आणि त्याच दिवाळीत विहिरीच्या पाण्यावरून दोघांचं जे वाजलं ते कायमचं. आता भांडण पाण्याचं होतं, हे शेंबड्या पोरालाही कळेल. नानांनी सगळा दोष चाकूवर टाकला होता. भावावर टाकण्यापेक्षा बरं, दुसरं काय!

पुढे कळलं की बाळूला पॅरालिसिसचा झटका येऊन गेला. उजवी बाजू गेली, डावा हात तेवढा चालतो. पुढच्या बुधवारी नाना माझ्या दारात. स्कूटरवर बाजारात नेतेस का, बाळूला चाकू घ्यायचाय म्हणाले. त्या दिवशी त्यांनी प्रत्येक चाकू डाव्या हातानं चालवून पाहिला. मूठ जाड हवी, वजन कमी हवं. शेवटी पसंत पडला तो सगळ्यांत महाग निघाला.

"आणि हा हरवला तर?" मी विचारलं.

"रडेन की," नाना म्हणाले.

तसेच मळ्यात गेलो. बाळू बांधावर काठी टेकून उभा होता. नानांना पाहून त्याचे डोळे भरून आले. नानांनी म्यानासकट चाकू त्याच्या पायाशी ठेवला. बाळूनं काठी कशीबशी बगलेत धरली आणि डावा हात पुढे केला.

"हातात दे ना, दादा."

नाना चाकूपर्यंत वाकले आणि तसेच सरळ झाले. "नको बाळू. मागं एकदा दिला होता."

बाळूनं काठी पुन्हा हातात घेतली. "अजून बी मलाच वाकायला लावतो," एवढंच बोलला आणि पाय ओढत घराकडे गेला. मला दोघांच्याही कानाखाली एकेक ठेवून द्यावीशी वाटली. चाकू बांधावरच राहिला.

पुढच्या थंडीत बाळू गेला. तेरावं उरकल्यावर त्याची बायको मंदा नानांकडे आली. मी तिथेच होते. तिनं पिशवीतून तो चाकू काढला. मूठ वापरून काळपट झाली होती.

"तुमी गेल्यावर एकटेच गेले, बांधावर बसून उचलला," ती म्हणाली. "रोज यानंच गुलाब काढायचे. मला बी हात लावू देत नव्हते."

रीतीप्रमाणे ती चाकू खाली ठेवायला वाकली. नानांनी हात पुढे केला.

"हातात दे, मंदा. आता भांडायला कोण राहिलंय?"

तिनं दिला. चाकू हरवला नव्हता, तरी नाना रडले.