तीनशे चौसष्ट चक्कर

आमच्या शेजारच्या सुखदेवकाकांसमोर कुणी "असेल दोनेक किलोमीटर" म्हटलं की संपलंच. काका लगेच सायकल काढायचे. पुढच्या चाकाच्या स्पोकला लाल चिंधी बांधलेली. ती किती वेळा खाली येते ते मोजत ते पार कोंढा गावापर्यंत जाऊन यायचे. "अंदाज नोको सांगू, मोजून सांग," हे त्यांचं पालुपद. एकदा आईचं डोकं दुखत होतं, तर म्हणाले, "किती दुखून राहिलं? कालच्याहून जास्त का कमी?"

नोकरीत ते कालव्यावर चौकीदार होते. पाण्याची पाळी संपली की घड्याळ बघून कालव्याचं दार बंद, एका मिनिटाची सवलत नाही. सख्ख्या भावाचं धान अर्धं भिजायचं राहिलं, तरी दार पडलं. तेव्हापासून भाऊ बोलेना, हळूहळू निम्मं गाव बोलेना. काकाही कुणाच्या उंबऱ्याला जाईनात. काकू वारल्यावर तर सायकलच काय ती सोबतीला उरली.

मी पोलीस भरतीची तयारी करत होते. वयाची मर्यादा संपत आलेली, म्हणजे ही शेवटची संधी. नापास झाले तर बाबांनी मुलगा बघून ठेवलाच होता. धावायचं होतं आठशे मीटर. काकांनी बुद्धविहाराच्या फाटकापासून तलावाच्या बांधापर्यंतचा सरळ रस्ता मोजला. चाकाच्या बरोब्बर तीनशे चौसष्ट चक्कर! रोज सकाळी मी धावायची आणि हँडलला घड्याळ बांधून काका शेजारी सायकल हाणायचे. माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त धाप लागायची.

सव्वातीन मिनिटांवरून मी तीनच्या आत आले, आणि नेमकी धानकापणी आली. मळणी झाली तसं गावानं डांबरी रस्त्यावर धान वाळत घातलं. मी वळसे घेत धावले. पुन्हा सव्वातीन.

"वळशाच्या वीस चक्कर वजा कर ना," काका म्हणाले.

"मैदानावर कोण वजा करते जी काका?" म्हणत मी रस्त्यातच रडायला बसले.

दोन दिवसांनी सकाळी बघते तर सगळ्या रस्त्याचं धान एका बाजूला ओढलेलं. दोन हात रुंदीची पट्टी, या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळी. आईनं सांगितलं, "काका काल घरोघरी गेले होते. भावाच्या दारात हात जोडून उभे होते. म्हणत, पोरीले धावू द्या."

मी भरती झाले. ते उपकार मी जन्मात विसरणार नाही.

यंदा कापणीनंतर गावी गेले. आता इथं धावणारं कुणी नाही, तरी पट्टी मोकळीच होती. काका त्याच रस्त्यानं सायकलवरून आले.

"किती चक्कर झाल्या जी काका?"

"चारशे दहा."

"काहून? रस्ता वाढला का?"

काका चिंधी नीट करत राहिले.

"रस्ता तेवढाच आहे, पोरी. मधात भावाच्या आंगणात वळतो. चाय मांडून ठेवते तो."